रणगाड्यावरचा सेनानी

हैदराबादच्या फौजेत एके दिवशी हातगोळे फेकण्याचा सराव चालू होता. एका नव्या शिपायाला गोळा नीट फेकता आला नाही. तो अगदी जवळ पडला. आता तो फुटणार आणि आसपास उभे असलेले सगळे मरणार! एवढ्यात एका तरुण अधिकाऱ्याने झेप घेतली, गोळा उचलला आणि दूर भिरकावला. हातातून सुटताच गोळा हवेत फुटला. त्याचे तुकडे त्या अधिकाऱ्याच्या छातीत घुसले. पण बाकीचे वाचले.

या अधिकाऱ्याचे नाव अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. सगळे त्यांना 'आदी' म्हणत.

आदींचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते, असे सांगतात. त्यांच्या पराक्रमाबद्दल त्यांना शंभर गावे इनाम मिळाली. त्यांतले एक तारापूर. त्यावरूनच घराण्याला हे आडनाव पडले. पुढे आदींचे आजोबा हैदराबादला गेले आणि निजामाच्या नोकरीत राहिले.

आदी लहान होते तेव्हाची एक गोष्ट आहे. घरची गाय दावे तोडून त्यांच्या बहिणीच्या अंगावर धावून आली. आदी तेव्हा सहा वर्षांचे होते. ते पळाले नाहीत. बहिणीच्या पुढे उभे राहिले आणि गाईच्या नाकावर फटका मारून तिला त्यांनी मागे फिरवले.

सातव्या वर्षी त्यांना पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत घातले. अभ्यासात ते फार पुढे नव्हते. खेळात मात्र तरबेज होते. १९४० साली ते मॅट्रिक झाले आणि हैदराबाद संस्थानाच्या फौजेत दाखल झाले. त्यांना पायदळात घेतले. पण आदींचे मन रमेना. त्यांना घोडदळाचे वेड होते, आणि घोड्यांची जागा आता चिलखती गाड्या घेत होत्या. हातगोळ्याची घटना घडल्यावर संस्थानाचे सेनापती जनरल अल इद्रूस यांनी त्यांना बोलावून शाबासकी दिली. आदींनी ती संधी साधली. आपल्याला चिलखती दलात पाठवावे, अशी विनंती त्यांनी केली. ती मान्य झाली आणि ते हैदराबाद लान्सर्समध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धात या पलटणीबरोबर ते पश्चिम आशियात होते.

आपले तीर्थपुरी, जालना आणि सारा मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य संस्थानात आले. जनरल अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. संस्थान भारतात विलीन झाले. राज्य गेले, निशाण बदलले. मग त्या राज्याच्या शिपायांचे काय? त्यांच्यापैकी काहींना भारतीय सैन्यात जागा मिळाली. तारापोर त्यांपैकी एक. १ एप्रिल १९५१ रोजी ते पूना हॉर्स या पलटणीत रुजू झाले.  पुढे तर ते याच पलटणीचे प्रमुख झाले.

१९६५ साली भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध पेटले. त्या वेळी भारताचे सेनाप्रमुख कोण होते? तेच जनरल चौधरी! ज्यांच्यापुढे हैदराबादच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली, त्यांच्याच हाताखाली आता तारापोर लढत होते.

११ सप्टेंबरला पूना हॉर्सचे रणगाडे सियालकोट भागातील फिलोराकडे निघाले. समोर पॅटन रणगाडे होते. तोफांचा भडिमार चालू असतानाही तारापोर डगमगले नाहीत. ते जखमी झाले, तरी मागे जाण्यास त्यांनी नकार दिला. फिलोरा पडले. १४ तारखेला वझीरवाली घेतले. १६ तारखेला जस्सोरान आणि बुतुर डोगरांडी ही ठाणी हाती आली. तारापोर यांच्या रणगाड्याला अनेक गोळे लागले, तरी ते जागा सोडेनात. अखेर त्याच दिवशी ते धारातीर्थी पडले. सरकारी नोंदीनुसार या लढाईत त्यांच्या पलटणीने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि आपले केवळ ९ गमावले.

तारीख लक्षात ठेवायला आपल्याला सोपी आहे. दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, मराठवाड्यातल्या शाळांत मुक्तिदिनाचे झेंडावंदन असते.

मरणापूर्वी काही दिवस त्यांनी एका सहकारी अधिकाऱ्याला आपली इच्छा सांगून ठेवली होती. आपल्याला काही झाले तर अंत्यसंस्कार रणभूमीवरच करावेत. प्रार्थनेचे पुस्तक आईला द्यावे, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला. हातातले कडे आणि फाउंटन पेन मुलाला. पारशी लोकांत दहन करण्याची जुनी रीत नाही. पण त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन रणभूमीवरच झाले.

भारत सरकारने त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र दिले. २०२३ साली अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचे नाव देण्यात आले.

१९६५ च्या युद्धात परमवीरचक्र दोघांनाच मिळाले. दुसरे वीर होते हवालदार अब्दुल हमीद. ते उत्तर प्रदेशातल्या धामूपूर गावचे, एका शिंप्याचे चिरंजीव. दोघेही सहा दिवसांच्या अंतराने गेले. दोघांच्याही पदकांसाठी त्यांच्या पत्नींना पुढे यावे लागले.