वर्तणुकीला शून्य

ऑगस्ट 1933 मध्ये फ्रान्सच्या सेन्सॉरने अवघ्या पाऊण तासाच्या एका चित्रपटावर बंदी घातली. त्यात क्रांतिकारक नव्हते, बंदुका नव्हत्या, सरकारचा नामोल्लेखही नव्हता. होती ती एका वसतिगृहयुक्त शाळेतील चार व्रात्य मुले. तरीही त्यामुळे सार्वजनिक सुव्यवस्था धोक्यात येईल, असे अधिकाऱ्यांना वाटले. चित्रपटाचे नाव ‘झेरो द काँद्वीत’, म्हणजे वर्तणुकीला शून्य. हे शून्य ज्याच्या वाट्याला येई, त्याला रविवारची सुटी शाळेतच कोंडून घेऊन काढावी लागे. दिग्दर्शक ज्याँ व्हिगो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि त्याच्या आयुष्याचे जेमतेम एक वर्ष उरले होते.

व्हिगोचा जन्म 26 एप्रिल 1905 रोजी पॅरिसमध्ये झाला. त्याचे वडील अराज्यवादी पत्रकार होते. किशोरवयातच ते पॅरिसमधील मुलांच्या तुरुंगात जाऊन आले होते. त्यांनी धारण केलेले नाव होते मिगेल आल्मेरेदा. त्यातील अक्षरे उलटसुलट मांडली की फ्रेंच भाषेतील एक अर्वाच्य शिवी बाहेर पडते. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या वृत्तपत्राला शत्रूकडून पैसा मिळतो असा आरोप झाला, त्यांना अटक झाली, आणि ऑगस्ट 1917 मध्ये फ्रेन येथील तुरुंगात ते गळा आवळलेल्या स्थितीत मृत आढळले. सरकारदरबारी ही आत्महत्या ठरली. अनेकांना ते पटले नाही, मुलाला तर कधीच नाही.

देशद्रोह्याचा मुलगा म्हणून छळ होऊ नये, यासाठी बारा वर्षांच्या ज्याँला आडनाव बदलून दूरच्या शाळेत घातले गेले. मियो या गावच्या शाळेत तो ‘ज्याँ साल’ म्हणून चार वर्षे राहिला. स्वतःचे नाव चारचौघांत उच्चारता येऊ नये, ही शिक्षा त्या वयात केवढी मोठी, याचा हिशेब कुठल्याही प्रगतिपुस्तकात नसतो. सुटीत तो माँपेलिए येथील नात्यातल्या आजोबांकडे जाई. ते छायाचित्रकार होते. कॅमेऱ्याशी त्याची ओळख या घरात झाली असावी.

तारुण्यात क्षयाने गाठले. आरोग्यधामातच एका पोलिश कारखानदाराची मुलगी लिदू त्याला भेटली आणि 1929 मध्ये दोघांचा विवाह झाला. सासऱ्यांनी दिलेल्या पैशातून त्याने एक जुना कॅमेरा विकत घेतला. नवकलेच्या इतिहासात अशा सासऱ्यांचे ऋण सहसा कोणी नोंदवीत नाही. त्या कॅमेऱ्यातून 1930 साली नीस शहरावरचा लघुपट निघाला. समुद्रकिनारी आरामखुर्च्यांत पहुडलेले धनिक आणि मागच्या अरुंद गल्ल्यांतील दारिद्र्य त्याने शेजारी शेजारी ठेवले. उत्पन्नाच्या विषम वाटणीवरील कित्येक ग्रंथांपेक्षा ही पंचवीस मिनिटे अधिक बोलकी आहेत.

पुढे जाक-लुई नुनेज या व्यापाऱ्याने भांडवल पुरविले. ‘झेरो द काँद्वीत’साठी मिळाले सुमारे दोन लक्ष फ्रँक आणि स्टुडिओतील मोजके दिवस. कित्येक प्रसंग चित्रित न करताच सोडून द्यावे लागले. कथेत अधूनमधून जाणवणाऱ्या फटी केवळ कलात्मक नाहीत, त्यांत तुटपुंज्या खर्चाचाही वाटा आहे. मुलांपैकी बहुतेक व्यावसायिक नट नव्हती. कोसा आणि ब्रुएल ही नावे तर मियोच्या शाळासोबत्यांचीच.

यातील मुख्याध्यापक हा दाढीवाला बुटका माणूस आहे. आपली हॅट ज्या फळीवर ठेवायची, तेथपर्यंत त्याचा हात कसाबसा पोहोचतो. रोज तेच घेवड्याचे दाणे खाऊन मुले विटतात आणि स्वयंपाकिणीविरुद्ध ओरडा करतात. पण ती बाई कोलाँ नावाच्या त्यांच्याच सवंगड्याची आई. तो मान खाली घालून बसतो, हे ध्यानात येताच मुले वरमतात. बंडातही कोणाला दुखवावे आणि कोणाला नाही, याचे भान मुलांना असते. मोठ्यांना ते नेहमीच असते असे नाही. ताबार हा मुखदुर्बळ मुलगा, अंगचटीला येणाऱ्या एका शिक्षकाला शिवी देतो आणि माफी मागायला सांगितल्यावर तीच शिवी पुन्हा देतो. वडिलांच्या नावात दडलेली तीच ती शिवी. त्यांनी एकदा वर्तमानपत्राच्या मथळ्यातून सरकारलाही ती ऐकविली होती. मग रात्री उशांचे युद्ध जुंपते. पिसांच्या वर्षावात, संथ गतीने, नाइटशर्ट घातलेल्या मुलांची मिरवणूक निघते. मोरिस जोबेर या संगीतकाराने त्यासाठी स्वररचना उलटी वाजवून घेतली आणि ध्वनिमुद्रण पुन्हा उलटे फिरविले. त्यातून उमटणारे सूर ओळखीचे वाटतात, तरी या जगातले वाटत नाहीत. अखेरीस शाळेच्या समारंभात छपरावरून प्रतिष्ठितांवर जुन्या वस्तूंचा मारा होतो आणि ती चौघे कौलांवरून आकाशाच्या दिशेने चालू लागतात.

ज्या पडद्यावर व्हिगोने आपले नाव प्रकट केले, तो सरकारने बंद केला. नुनेज मात्र डगमगला नाही. त्याने आणखी एका चित्रपटाला पैसा दिला. नदीतील मालवाहू नौकेवरच्या नवदांपत्याची ती कथा, ‘लातालांत’. थंडीपावसात चित्रण करताना व्हिगोची प्रकृती साफ ढासळली. तो अंथरुणाला खिळला असताना वितरकांनी चित्रपटाला कात्री लावली, त्यात एक लोकप्रिय गाणे घुसविले आणि नावही बदलले. 5 ऑक्टोबर 1934 रोजी, एकोणतिसाव्या वर्षी, तो मरण पावला. त्याचे सारे काम एका बैठकीत पाहून होते, त्याला तीन तासही लागत नाहीत.

बंदी उठली 1945 साली. दुसऱ्याच वर्षी पॅरिसमधील एका चित्रपटगृहात, शनिवारच्या एका दुपारी, चौदा वर्षांच्या फ्रान्स्वा त्रुफोने हे चित्रपट पाहिले. त्याने 1959 मध्ये स्वतःच्या बिघडलेल्या शाळकरी वयावर ‘चारशे फटके’ काढला, तेव्हा व्हिगोचे ऋण लपविले नाही. ब्रिटनमध्ये लिंडसे अँडरसनने 1968 साली ‘इफ’मध्ये शाळेच्या छपरावर पुन्हा मुले चढविली, या वेळी हाती बंदुका देऊन. लिदू 1939 मध्येच वारली होती. बंदी उठली तेव्हा 1931 साली जन्मलेली त्यांची मुलगी ल्यूस चौदा वर्षांची होती.