लोखंडाचे तापणे मोजणारे स्टाइनमेट्झ

गल्लीतला ट्रान्सफॉर्मर असो की २५ हजार व्होल्टवर धावणारे रेल्वे इंजिन, प्रत्येकाच्या पोटात पातळ पोलादी पत्र्यांचा गाभा असतो. तो चुंबकत्वामुळे किती तापेल, हे गणिताने सांगणारे चार्ल्स स्टाइनमेट्झ यांची ही थोडक्यात ओळख.

जन्म ९ एप्रिल १८६५ चा, प्रशियातील ब्रेस्लाऊचा (आता पोलंडमध्ये). वडील रेल्वेत लिथोग्राफर. पाठीला जन्मजात कुबड, उंची जेमतेम चार फूट. पण गणितात कुशाग्र. समाजवादी चळवळीमुळे अटकेची वेळ आली आणि १८८८ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना देश सोडावा लागला. १८८९ मध्ये न्यूयॉर्क बंदरात अधिकारी त्यांचे शरीर पाहून परत पाठवायला निघाले होते. सोबतच्या मित्राने हमी घेतली, म्हणून प्रवेश मिळाला.

पुढे आइकमायर यांच्या कारखान्यात नोकरी लागली. त्या काळी मोटर आधी बनवायची, मग ती किती तापते ते पाहायचे, अशी रीत होती. वीज दिशा बदलते तसे लोखंडाचे चुंबकत्वही उलटते आणि प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. यालाच हिस्टेरेसिस म्हणतात. इविंग यांची मोजमापे तपासून आणि स्वतः अनेक नमुने मोजून स्टाइनमेट्झ यांनी १८९२ मध्ये नियम मांडला : हे नुकसान चुंबकीय घनतेच्या १.६ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे घनता दुप्पट केली की नुकसान सुमारे तिप्पट! प्रत्येक धातूचा गुणांक वेगळा. तो नमुन्यावरून एकदा मोजला की यंत्र बनवण्याआधीच कागदावर हिशेब मांडता येऊ लागला. आजच्या पोलादांना १.६ हा आकडा तंतोतंत लागू पडत नाही, पण हिशेबाची वाट तीच आहे.

पुढे ते जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेले. एसी सर्किटचे किचकट गणितही त्यांनी सोपे केले. कुबड आनुवंशिक असल्याने त्यांनी लग्न केले नाही. एका सहकाऱ्यालाच मुलगा मानून त्याच्या मुलांचे ते आजोबा झाले. २६ ऑक्टोबर १९२३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सव्वा वर्षाने, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली. ती डीसीवर होती. तरी तिच्या मोटरच्या फिरत्या आर्मेचरमध्येही चुंबकत्व उलटत होतेच. बंदरावरून ज्यांना परत पाठवले जाणार होते, त्यांचे गणित तिथेही लागू होते.