स्वरसाधक जॉन कोल्ट्रेन

लग्नाच्या वरातींत वाजणाऱ्या बँडामध्यें सॅक्सोफोन हें वाद्य बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. पितळेची वांकडी नळी, तिच्या तोंडाशीं वेताची एक पातळ पट्टी व बोटांनीं दाबावयाच्या कळा, असें त्याचें रूप असतें. आडॉल्फ साक्स नांवाच्या बेल्जियन कारागिरानें इ. स. १८४६ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. प्रथम लष्करी बँडांत रुळलेल्या ह्या वाद्यास पुढें अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांच्या जॅझ संगीतांत मानाचें स्थान मिळालें. त्याच वाद्याच्या आधारानें एका मनुष्यानें आपलें ढासळत चाललेलें आयुष्य सांवरलें, देशोदेशींच्या संगीताचें शिष्यत्व पत्करलें आणि अखेरीस त्या वाद्यासच प्रार्थना करावयास लाविलें. त्या मनुष्याचें नांव जॉन कोल्ट्रेन.

कोल्ट्रेनचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ रोजीं अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील हॅम्लेट ह्या गांवीं झाला. त्याचें बालपण त्याच संस्थानांतील हाय पॉइंट ह्या गांवीं गेलें. त्याचे दोन्ही आजोबा मेथडिस्ट पंथाच्या कृष्णवर्णीय मंडळींत पाळक होते. बाप शिंप्याचा धंदा करी व फावल्या वेळीं फिडल वाजवी. तेव्हां घरीं उपदेश आणि संगीत दोन्ही होतीं. परंतु जॉन बारा वर्षांचा असतांना थोड्याच महिन्यांच्या अवधींत आजोबा, बाप व आजी असे तिघेही वारले. मिळवतें माणूस गेल्यामुळें आईला परक्यांच्या घरीं चाकरी करावी लागली. ह्याच दुःखाच्या दिवसांत गांवांतील एका लहानशा बँडांत त्यानें प्रथम वाद्य हातीं घेतलें. शाळा सोडतेवेळीं सॅक्सोफोन हाच त्याचा सोबती झाला होता.

इ. स. १९४३ मध्यें तो फिलाडेल्फिया शहरीं गेला व तेथील संगीतशाळेंत शिकूं लागला. मध्यंतरीं एक वर्ष त्यानें आरमारांत नोकरी केली व हवाई बेटांत आरमारी बँडांत वाजविलें. त्याच्या अंगीं उपजत चमत्कार होता असें म्हणण्यापेक्षां त्याच्या अंगीं अलोट चिकाटी होती असें म्हणणें अधिक खरें होईल. स्वरपंक्तींच्या जाड्या पुस्तकांतील एकेक पंक्ति तो शेकडों वेळां घोटीत असे. रात्रीं शेजाऱ्यांची झोपमोड होऊं लागली म्हणजे तो न फुंकतां केवळ कळांवर बोटें फिरवी व मनांतल्या मनांत सूर ऐके. १९५५ मध्यें माइल्स डेव्हिस ह्या विख्यात तुतारीवादकानें त्यास आपल्या मेळांत घेतलें तें ह्याच मेहनतीचें फळ होय.

पण येथें त्याच्या आयुष्यांतील अत्यंत कठीण प्रसंग सांगणें प्राप्त आहे. त्या काळच्या अनेक वादकांप्रमाणें कोल्ट्रेन हेरॉईन ह्या घातक विषाच्या व मद्याच्या आहारीं गेला होता. १९५७ च्या वसंत ऋतूंत डेव्हिसनें त्यास काढून टाकिलें. तिशी नुकतीच उलटलेली, गुण सर्वमान्य झालेला, आणि हातचें सर्व जाण्याची वेळ आली. तेव्हां तो फिलाडेल्फियास आईच्या घरीं गेला व आई आणि पत्नी नायमा ह्यांच्या आधारानें, कोणतेंही औषध न घेतां, असह्य यातना सोसून त्यानें तें व्यसन सोडिलें. त्या वर्षीं ईश्वराच्या कृपेनें आपणांस नवी दृष्टि मिळाली व संगीताच्या योगें इतरांस सुखी करण्याचें सामर्थ्य आपण त्याच्याजवळ मागितलें, असें त्यानें पुढें स्वतः लिहून ठेविलें आहे. त्याच वर्षीं थेलोनियस मंक ह्या पियानोवादकाच्या सहवासांत तो पुन्हां उभा राहिला.

पुढील दहा वर्षांत त्यानें जें केलें तें समजण्यासाठीं जॅझची एक रीत ध्यानांत घेतली पाहिजे. त्या संगीतांत अनेक स्वर एकदम वाजवून त्यांचे समूह करतात; हे समूह ठराविक क्रमानें बदलत जातात, व वादकानें त्या बदलांवरून आपली तान न्यावयाची असते. १९५९ मध्यें कोल्ट्रेननें हे समूह इतक्या वेगानें बदलणारी एक रचना वाजविली कीं सोबतच्या कसलेल्या पियानोवादकाचीही त्रेधा उडाली. ह्या वाटेनें आणखी पुढें जाण्यास जागा उरली नव्हती. मग त्यानें उलट वाट धरिली. स्वरसमूह बदलणें जवळजवळ बंद करून एकाच आधारस्वरावर स्थिर राहावें व तेथून रागाचा विस्तार करावा त्याप्रमाणें सूर वाढवीत न्यावा, हें त्याचें नवें ध्येय झालें. तंबोऱ्याच्या नादांत वाढलेल्या आपल्या कानांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. न्यूयॉर्कच्या श्रोत्यांस मात्र तें सर्वस्वीं नवें होतें.

ही वाट त्यास सुचली तिच्या मुळाशीं भारतीय व आफ्रिकन संगीताचें श्रवण होतें. १९६० मध्यें त्यानें सोप्रानो जातीचा लहान सॅक्सोफोन हातीं घेऊन एक साधें नाटकी गाणें जवळजवळ चौदा मिनिटें वाजविलें. त्या वाद्याचा अनुनासिक सूर ऐकतांना आपल्या मनांत सनई घुमल्यावांचून राहत नाहीं. १९६१ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड ह्या लहानशा तळघरांत त्यानें इंडिया नांवाची रचना वाजविली. तींत खर्जाचीं तंतुवाद्यें एकच आधारस्वर धरून राहतात, व त्यावर कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी ह्यांचे सूर फिरत राहतात. त्याच वर्षीं त्यानें एक रचना आफ्रिकेच्या नांवानें व दुसरी स्पेनच्या लोकगीतावरून केली. ह्याच सुमारास एका नामांकित मासिकांतील टीकाकारानें त्याचें वादन जॅझच्या विरुद्ध असल्याचें लिहिलें. कोल्ट्रेननें त्यास शांतपणें उत्तर दिलें व आपला क्रम सोडिला नाहीं.

पंडित रविशंकर ह्यांच्या ध्वनिमुद्रिका तो फार आवडीनें ऐके. पुढें दोघांची भेट झाली व कोल्ट्रेननें त्यांच्यापाशीं राग, ताल व त्यांची मांडणी ह्यांविषयीं थोडें शिक्षणही घेतलें. १९६५ मध्यें झालेल्या आपल्या मुलाचें नांव त्यानें रवि असें ठेविलें. रविशंकर मात्र त्याचें वादन ऐकून कांहींसे अस्वस्थ झाले. इतक्या सौम्य, व्यसनमुक्त व ईश्वरचिंतनांत रमलेल्या पुरुषाच्या संगीतांत एवढी खळबळ कां असावी, हें त्यांस कळेना. गुरूची ही शंका शिष्याच्या थोरवीस बाधक नाहीं. परक्याची विद्या घेऊन कोल्ट्रेननें आपल्या दुःखाचा सूर झांकून टाकिला नाहीं, असाच तिचा अर्थ होतो.

तें दुःख कशाचें होतें हें एका प्रसंगावरून कळून येईल. १५ सप्टेंबर १९६३ रोजीं, रविवारीं, अलाबामा संस्थानांतील बर्मिंगहॅम शहरीं वर्णद्वेष्ट्यांनीं एका चर्चमध्यें स्फोट घडविला व चार कृष्णवर्णीय मुली ठार झाल्या. दोन महिन्यांनीं कोल्ट्रेननें अलाबामा ही रचना मुद्रित केली. तींत शब्द नाहींत, आरोळी नाहीं. प्रेतयात्रेंत कोणी हलक्या आवाजांत बोलावें तसा तो सूर चालतो.

९ डिसेंबर १९६४ रोजीं न्यू जर्सींतील एका मुद्रणगृहांत, मॅकॉय टायनर, जिमी गॅरिसन व एल्विन जोन्स ह्या आपल्या तीन साथीदारांसह त्यानें अ लव्ह सुप्रीम ही चार भागांची रचना वाजविली. हें त्याचें ईश्वरास केलेलें अर्पण होय. शेवटच्या भागास त्यानें स्तोत्र असें नांव दिलें. त्यानें स्वतः एक प्रार्थना लिहिली होती. तिचे शब्द न उच्चारतां, त्यांतील एकेक अक्षर तो सॅक्सोफोनमधून म्हणत जातो. लहानपणीं आजोबांच्या मंडळींत ऐकलेल्या उपदेशाचे चढउतार ह्या सुरांत ओळखूं येतात.

त्यानंतरचें त्याचें वादन अधिक उग्र झालें. पुष्कळ चाहते दूर गेले. टायनर व जोन्स हेही निघून गेले. १९६६ च्या जुलईंत तो जपानांत गेला असतां नागासाकी येथें अणुबाँबनें मेलेल्यांच्या स्मारकापुढें त्यानें उभें राहून प्रार्थना केली. १९६७ च्या एप्रिलांत हार्लेम भागांतील, नायजेरियन ढोलवादक ओलातुंजी ह्यानें स्थापिलेल्या आफ्रिकन संस्कृतीच्या केंद्रांत त्यानें वाजविलें. रविशंकरांपाशीं आणखी कांहीं दिवस बसून शिकण्याचा त्याचा मनोदय होता. परंतु १७ जुलै १९६७ रोजीं यकृताच्या कर्करोगानें त्याचें देहावसान झालें. तेव्हां तो अवघा चाळीस वर्षांचा होता. २००७ मध्यें पुलित्झर पारितोषिकाच्या मंडळानें त्याचा मरणोत्तर विशेष गौरव केला.

विद्यार्थिमित्रहो, परदेशच्या चालींतील दोन तुकडे उचलून आपल्या गाण्यास चिकटविणें सोपें आहे. तें पुष्कळ जण करतात. कोल्ट्रेननें तसें केलें नाहीं. कीर्तीच्या शिखरावर असतांना तो दुसऱ्याच्या दाराशीं विद्यार्थी होऊन गेला, आणि जें मिळालें तें आपल्या रात्रंदिवस घोटलेल्या सुरांत विरघळवून घेतलें. व्यसनानें हातचें जात असलेलें वाद्य ज्यानें एकदां परत मिळविलें, त्यानें तें पुन्हां कधीं केवळ करमणुकीकरितां वाजविलें नाहीं. तुम्हांपैकीं कोणास त्याची ध्वनिमुद्रिका ऐकावयास मिळाली तर आरंभीं अलाबामा ऐकावी. ती अवघ्या पांच मिनिटांची आहे, व ती ऐकण्यास इंग्रजी येण्याचीही गरज नाहीं.