कमलनयन बजाज

कमलनयन जमनालाल बजाज (२३ जानेवारी, इ.स. १९१५ – १ मे, इ.स. १९७२) हे भारतीय उद्योजक व राजकारणी होते. बजाज उद्योगसमूहाचे ते दुसऱ्या पिढीतील प्रमुख असून त्यांच्या कारकिर्दीत पुण्याजवळील आकुर्डी हे भारतातील दुचाकीनिर्मितीचे महत्त्वाचे केंद्र बनले. इ.स. १९५७ ते १९७१ या काळात ते वर्धा मतदारसंघातून लोकसभेचे सदस्य होते.

कौटुंबिक पार्श्वभूमी

जमनालाल व जानकीदेवी बजाज यांचे ते ज्येष्ठ पुत्र. मूळच्या राजस्थानातील सीकर भागातल्या जमनालालांना वर्ध्याचे व्यापारी शेठ बच्छराज यांनी नातू म्हणून दत्तक घेतले होते. महात्मा गांधी जमनालालांना पुत्रवत मानत. त्यामुळे कमलनयन यांचे बालपण श्रीमंत पेढीच्या घरात, परंतु खादी, साधी राहणी आणि स्वातंत्र्यचळवळ यांच्या वातावरणात गेले. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेले. परतल्यानंतर त्यांनी वडिलांच्या व्यवसायात व सामाजिक कार्यात लक्ष घातले. त्यांचा विवाह सावित्रीदेवी यांच्याशी झाला. राहुल व शिशिर हे त्यांचे पुत्र आणि सुमन ही कन्या होय.

व्यावसायिक कारकीर्द

११ फेब्रुवारी, इ.स. १९४२ रोजी जमनालालांचे निधन झाले. संपत्ती ही समाजाची ठेव आहे, हा गांधीजींचा विश्वस्तविचार त्यांनी अंगीकारला होता. तो सांभाळत व्यवसाय वाढविण्याची जबाबदारी कमलनयन व त्यांचे धाकटे बंधू रामकृष्ण यांच्यावर आली. इ.स. १९५४ मध्ये कमलनयन यांनी समूहाच्या कंपन्यांचे प्रत्यक्ष व्यवस्थापन हाती घेतले. साखर, पोलाद व विद्युत उपकरणे या जुन्या व्यवसायांबरोबरच समूह वाहननिर्मितीकडे वळला.

बजाज ऑटो

२९ नोव्हेंबर, इ.स. १९४५ रोजी बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने स्थापन झालेली कंपनी इ.स. १९४८ पासून दुचाकी व तीनचाकी वाहने आयात करून विकत असे. स्वातंत्र्यानंतर आयातीवरील निर्बंध वाढत गेले आणि उत्पादनासाठी सरकारी परवाना आवश्यक ठरला. केवळ आयातीवर अवलंबून राहणाऱ्या व्यवसायाला भवितव्य उरले नव्हते. इ.स. १९५९ मध्ये कंपनीला दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या उत्पादनाचा परवाना मिळाला. पुढच्याच वर्षी ती बजाज ऑटो या नावाने सार्वजनिक कंपनी झाली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटर भारतात तयार होऊ लागली.

वाहनव्यवसायात नवलमल फिरोदिया हे बजाज कुटुंबाचे भागीदार होते. कालांतराने दोन्ही कुटुंबांत मतभेद झाले. बजाज ऑटोचे व्यवस्थापन बजाज कुटुंबाकडे, तर बजाज टेम्पोचे (सध्याची फोर्स मोटर्स) फिरोदिया कुटुंबाकडे राहिले. इ.स. १९६८ मध्ये राहुल बजाज हे बजाज ऑटोचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले.

उत्पादनाची मर्यादा परवान्यातच ठरलेली असल्याने मागणी वाढूनही कंपनीला मनाप्रमाणे उत्पादन वाढविता येत नसे. नावनोंदणी केल्यानंतर स्कूटरसाठी ग्राहकांना अनेक वर्षे थांबावे लागे. मध्यमवर्गासाठी बनविलेले वाहन अशा रीतीने दुर्मीळ वस्तू ठरले. या टंचाईमुळे कंपनीला ग्राहकांची वाण पडली नाही, पण विस्ताराची वाटही अडली. इ.स. १९७० मध्ये कंपनीने एक लाखाव्या वाहनाचा टप्पा गाठला. इ.स. १९७१ मध्ये पियाजिओबरोबरचा करार संपुष्टात आला आणि स्वतःच्या नावाने स्कूटर घडविण्याचे आव्हान कंपनीपुढे उभे राहिले.

राजकीय कारकीर्द

इ.स. १९५७, १९६२ व १९६७ अशा सलग तीन निवडणुकांत ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून वर्ध्यातून लोकसभेवर निवडून आले. परवान्यांचे धोरण राबविणाऱ्या सत्तारूढ पक्षाचे खासदार आणि त्याच धोरणाच्या चौकटीत कारखाना चालविणारे उद्योजक, अशा दोन भूमिका त्यांनी एकाच वेळी निभावल्या.

निधन व वारसा

१ मे, इ.स. १९७२ रोजी वयाच्या ५७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण केलेली चेतक स्कूटर बाजारात आली. पुढे जपानच्या कावासाकी कंपनीच्या सहकार्याने बजाज ऑटो मोटारसायकलनिर्मितीत उतरली. इ.स. २००१ मध्ये आलेल्या पल्सरमुळे, एकेकाळी स्कूटरसाठी ओळखली जाणारी ही कंपनी तरुण वर्गात मोटारसायकलसाठी ओळखली जाऊ लागली. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील कमलनयन बजाज रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.