जुळणी नको, घडणी हवी!

भडगावहून गिरणेच्या काठाने वर वर जात राहिले की मालेगाव लागते आणि त्याच तालुक्यात रावळगाव. खानदेशातल्या दोन-तीन पिढ्यांना हे नाव गोळ्या-चॉकलेटांमुळे तोंडपाठ. तिथल्या माळरानावर १९२३ मध्ये शेती आणि १९३३ मध्ये साखर कारखाना उभारणारे शेठ वालचंद हिराचंद मात्र वेगळ्याच ध्यासाने झपाटलेले होते. हिंदुस्थानात मोटार तयार व्हावी, आणि तीही सुट्या भागांसकट, हा तो ध्यास.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरच्या व्यापारी जैन घराण्यातला. घरच्या पेढीत त्यांचे मन रमेना. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाला भागीदार करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेची कंत्राटे घेतली. पुढे बोरघाटातले बोगदे खोदले. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट लंडनला धाडून ब्रिटिश आगबोट कंपन्यांशी उभा दावा मांडला. एवढ्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता!

त्या काळी मोटारी इथे ‘तयार’ होत, पण त्या कशा? जनरल मोटर्सचा मुंबईतला कारखाना १९२८ पासून चालू होता. परदेशातून खोक्यांत भरून आलेले भाग तिथे जोडले जात. पिस्टन, त्याच्या रिंगा, व्हॉल्व्ह, क्रँकशाफ्ट हे सारे बाहेरचे. यांतला प्रत्येक भाग निराळ्या धातूचा, त्याचे माप केसाच्या जाडीपेक्षाही काटेकोर. रिंग किंचित सैल बसली तरी इंजिन तेल पिते आणि धूर ओकते, हे गॅरेजमधले पोरही सांगेल. असे भाग करायचे म्हणजे भट्ट्या, साचे, यंत्रे आणि हात बसलेले कारागीर हवेत. जुळणीतून हे काही येत नाही. वालचंदांची खरी लढाई इथे होती.

योजना सर विश्वेश्वरय्यांची होती. मुंबईचे काँग्रेस मंत्रिमंडळ तिला अनुकूल होते, पण १९३९ मध्ये ते पायउतार झाले. फोर्डशी बोलणी फिसकटली, शेवटी १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला. मग सरकार आडवे आले. युद्धकाळात हा उद्योग निकडीचा मानायला त्याने नकार दिला. गंमत अशी की, १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना विमानात झालेल्या एका ओळखीतून पुढच्याच वर्षी बंगलोरला विमानांचा कारखाना निघाला. विमान जमले, मोटार अडली!

प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन व्हायला १९४४ उजाडले. कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या १९४७ मध्ये बाहेर पडल्या, पण तीही जुळणीच होती. लगोलग सुटे भाग इथेच घडवायला सुरुवात झाली. खर्च भारी पडे आणि आयात माल समोर स्वस्त दिसे. तरी वालचंदांनी हात आखडता घेतला नाही. हिशेबी माणसाला हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटला असेल, पण माझ्या मते त्यांच्या साऱ्या धाडसांत हेच सर्वांत मोठे.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले, की सुटे भाग इथे घडवण्याची योजना असेल त्यांनीच मोटारधंद्यात राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. कुर्ल्याचा कारखाना मात्र चालू राहिला.