विश्लेषण : ‘ओव्हल’चा विजय आणि ४२ धावांची नामुष्की; दोन्ही वेळा व्यवस्थापक एकच! कोण होते कर्नल हेमू अधिकारी?

भारताने इंग्लंडमध्ये पहिला कसोटी विजय मिळवला तो २४ ऑगस्ट १९७१ रोजी, लंडनमधील ओव्हल मैदानावर. त्याच विजयाने मालिकाही खिशात घातली. पुढे तीन वर्षेही पूर्ण होत नाहीत तोच, जून १९७४ मध्ये, लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला. दोन्ही वेळा कर्णधार अजित वाडेकर होते, हे क्रिकेटप्रेमींना तोंडपाठ असते. पण दोन्ही दौऱ्यांचे व्यवस्थापकही एकच होते. पुण्यात जन्मलेले, लष्करात लेफ्टनंट कर्नल झालेले माजी कसोटीपटू हेमचंद्र ऊर्फ हेमू अधिकारी. १९७१ च्या यशात त्यांचा वाटा किती आणि १९७४ च्या अपयशाचे माप त्यांच्या पदरात किती घालायचे?

उमेदीची वर्षे युद्धात…

अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ चा. १९३६-३७ च्या हंगामात, वयाच्या १७ व्या वर्षी त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पाऊल ठेवले. पुढे विजय हजारे यांच्यासारख्या दिग्गजासोबत ते बडोद्याकडून खेळले. पण त्यांच्या पिढीचे दुर्दैव असे, की ऑगस्ट १९३६ ते जून १९४६ या काळात भारताने एकही कसोटी सामना खेळला नाही. दुसऱ्या महायुद्धाने फलंदाजाची ऐन उमेदीची वर्षे गिळली. अधिकारी यांना कसोटी पदार्पणाची संधी मिळाली ती १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियात, डॉन ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध. तेव्हा ते २८ वर्षांचे होते.

आडनाव अधिकारी आणि पेशाही लष्करी अधिकाऱ्याचाच. नोकरीच्या जबाबदाऱ्यांमुळे प्रत्येक मालिकेसाठी उपलब्ध राहणे त्यांना जमले नाही. परिणामी बारा वर्षांत त्यांच्या वाट्याला २१ कसोटी आल्या. त्यांत ३१.१४ च्या सरासरीने ८७२ धावा आणि एक शतक. आकडे डोळे दिपवणारे नाहीत. मात्र या धावा कधी झाल्या, हे पाहिले की चित्र बदलते.

संघ अडचणीत, अधिकारी खेळपट्टीवर

ॲडलेडला १९४८ मध्ये हजारे यांनी एकाच कसोटीत दोन शतके झळकावली. त्यातील दुसऱ्या डावात समोर टिकून ५१ धावा करणारे अधिकारी होते. त्याच वर्षी दिल्लीत वेस्ट इंडिजने ६३१ धावांचा डोंगर उभारल्यावर त्यांनी नाबाद ११४ धावा केल्या आणि भारताने कसोटी अनिर्णित राखली. पाकिस्तानच्या पहिल्यावहिल्या कसोटीत, १९५२ मध्ये दिल्लीतच, नऊ गडी बाद झाल्यावर त्यांनी गुलाम अहमद यांच्यासह अखेरच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. अधिकारी नाबाद ८१. भारताने तो सामना डावाने जिंकला.

त्यांची खरी ओळख मात्र कव्हरमधील क्षेत्ररक्षक म्हणून होती. झेल सोडणे आणि चेंडू पायाने अडवणे हे भारतीय संघाचे जणू व्यवच्छेदक लक्षण होते, त्या काळात अधिकारी चपळाईने चेंडूवर झेपावत. सेनादलाचे नेतृत्व करताना त्यांनी हीच शिस्त संघात आणली. १९५६-५७ आणि १९५७-५८ असे सलग दोन हंगाम सेनादलाने रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली. त्या संघात मोठी नावे फारशी नव्हती, हे लक्षात घेतले तर ही कामगिरी मोठीच म्हणावी लागेल.

एका मालिकेतील चौथा कर्णधार

वेस्ट इंडिजविरुद्धच्या १९५८-५९ च्या मालिकेत भारतीय क्रिकेटचा कारभार कसा चालत असे, याचे दर्शन घडले. पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मांकड आणि शेवटी अधिकारी असे पाच कसोटींत चार कर्णधार झाले! संघनिवडीच्या वादातून उम्रीगर यांनी राजीनामा दिला होता. दिल्लीच्या अखेरच्या कसोटीसाठी ३९ वर्षांच्या अधिकारी यांच्याकडे धुरा आली. त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, तीन बळीही घेतले. कसोटी कारकीर्दीतील त्यांचे हे एवढेच बळी. सामना अनिर्णित राहिला आणि कर्णधारपदाची ही पहिली कसोटी त्यांची अखेरचीही ठरली.

व्यवस्थापक की प्रशिक्षक?

आजच्या संघाबरोबर मुख्य प्रशिक्षक, फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षणाचे स्वतंत्र प्रशिक्षक, फिजिओ, विश्लेषक असा ताफा असतो. १९७१ मध्ये यातले काही नव्हते. व्यवस्थापकाने प्रवास, हॉटेल, भत्ते, पत्रकार आणि स्वागत समारंभ सांभाळायचे, दौरा संपला की मंडळाला अहवाल द्यायचा, अशी पद्धत होती. अधिकारी यांनी त्यात सरावाचीही भर घातली. व्यायाम आणि क्षेत्ररक्षणाचा दीर्घ सराव त्यांनी सक्तीचा केला.

हा केवळ लष्करी खाक्या नव्हता. भारताकडे वेगवान गोलंदाज नव्हते. आबिद अली आणि एकनाथ सोलकर यांनी चेंडूची चकाकी घालवायची आणि मग बिशनसिंग बेदी, वेंकटराघवन, चंद्रशेखर यांनी सूत्रे घ्यायची, अशी रचना. इरापल्ली प्रसन्ना यांच्यासारखा ऑफस्पिनर त्या मालिकेत एकही कसोटी न खेळता बाहेर बसला, एवढी फिरकीची श्रीमंती. पण फिरकीला बळी मिळतात ते बॅटच्या जवळ उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकांमुळे. तिथला एक झेल सुटला की तासाभराची मेहनत वाया. हेल्मेट नसलेल्या त्या काळात फॉरवर्ड शॉर्टलेगला सोलकर, स्लिपमध्ये वाडेकर आणि वेंकटराघवन ही फळी उभी राहिली.

इंग्लंडमध्ये तोवर भारत १९ कसोटी खेळला होता. १५ पराभव, चार अनिर्णित, विजय शून्य. १९७१ मध्येही पहिल्या दोन कसोटी पावसाच्या साथीने अनिर्णित राहिल्या. पाऊस लॉर्ड्सवर विजयाच्या आड आला, तर मँचेस्टरला मदतीला धावला. ओव्हलवर इंग्लंडला पहिल्या डावात ७१ धावांची आघाडी होती. मग चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेतले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत गुंडाळला. सोलकर यांनी पुढे झेपावत टिपलेला ॲलन नॉट यांचा झेल आजही सांगितला जातो. १७३ धावांचे लक्ष्य भारताने चार गडी राखून गाठले. तो गणेश चतुर्थीचा दिवस होता आणि मैदानात बेला नावाची हत्तीण आणली गेली होती! बळी चंद्रशेखर यांच्या नावावर लागले आणि ते योग्यच. पण ते झेल सरावाच्या घामातून आले होते.

मग १९७४ मध्ये काय बिनसले?

शिस्त तीच, व्यवस्थापक तोच. तरी तीनही कसोटींत पराभव. यातील मोठे कारण हवामानाचे. थंड, ओलसर उन्हाळ्यात चेंडू हवेत आणि खेळपट्टीवर वळत राहिला. लॉर्ड्सवर ख्रिस ओल्ड आणि जेफ अरनॉल्ड यांनी १७ षटकांत डाव संपवला. जखमी चंद्रशेखर फलंदाजीला येऊच शकले नाहीत. सर्वाधिक नाबाद १८ धावा सोलकर यांच्या. झेलांचा सराव करून घेता येतो. स्विंग खेळण्याचे तंत्र ऐन दौऱ्यात शिकवता येत नाही.

दुसरे कारण ड्रेसिंग रूममधले. ज्येष्ठ खेळाडूंत धुसफूस होती. त्यात एका खेळाडूवर दुकानातील चोरीचा आरोप झाला, उच्चायुक्तांच्या स्वागत समारंभाला संघ उशिरा पोहोचला आणि त्याला दारातून माघारी फिरावे लागले. मैदानाबाहेरच्या या गोष्टी सांभाळणे हेच तर व्यवस्थापकाचे मूळ काम. तिथे अधिकारी कमी पडले, असे म्हणावे लागते. वरिष्ठाचा हुकूम पाळणाऱ्या जवानांना घडवणे वेगळे आणि रुसलेल्या नामवंतांना एकत्र बांधणे वेगळे. अर्थात, पराभवाची किंमत मुख्यत्वे वाडेकर यांनी मोजली. त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले आणि त्यांनी निवृत्ती पत्करली.

पुढे काय झाले?

अधिकारी नंतर तरुण खेळाडूंच्या शिबिरांत रमले. रवी शास्त्री यांच्या पिढीतील अनेकांनी त्यांच्या देखरेखीखाली धडे गिरवले. १९९० च्या दशकात वाडेकर स्वतः भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले आणि सरावाची सूत्रेही त्यांनी हाती ठेवली. त्यांच्या कार्यकाळात, १९९३ मध्ये, भारताने मायदेशात इंग्लंडला ३-० असे हरवले. शस्त्र पुन्हा फिरकीच.

२५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत अधिकारी यांचे निधन झाले. गुलाम अहमद यांच्यासह केलेली अखेरच्या गड्याची १०९ धावांची भागीदारी तोवर भारतीय विक्रम म्हणून कायम होती. वर्षभराने, डिसेंबर २००४ मध्ये, सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी ढाक्यात १३३ धावा जोडून तो मोडला.