राजर्षी शाहू आणि राधानगरीचे पाणी

कोल्हापूरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगांवर पावसाळ्यात धुवाधार पाऊस कोसळतो. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्या दुथडी भरून वाहतात. एकत्र येऊन त्यांची पंचगंगा होते आणि पुढे ती नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पावसाळ्यातले हे वैभव उन्हाळ्यापर्यंत टिकत नसे. ज्या नदीने श्रावणात बांध फोडले, तिचेच पाणी चैत्रात पिकाला पुरत नसे. विहीर असलेला शेतकरी मोटेने पाणी काढून थोडाबहुत ऊस जगवी. ज्याला विहीर नाही, तो आभाळाकडे पाहत बसे. या प्रदेशाचे राज्य वयाच्या विसाव्या वर्षी ज्यांच्या हाती आले, ते छत्रपती शाहू महाराज.

त्यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

कारभार नीट समजून घ्यावा, तोच १८९६ साली पावसाने दगा दिला. पिके गेली, धान्याचे भाव चढले, वैरण संपली. दुष्काळात शेतकऱ्याचे घर एकदम मोडत नाही. ते पायरीपायरीने मोडते. आधी साठवणीचे धान्य संपते, मग घरातली भांडीकुंडी जातात, मग बैल विकावे लागतात. बैल गेले की पुढल्या वर्षी पाऊस पडूनही जमीन पडीक राहते आणि अखेर तीच सावकाराकडे गहाण पडते. महाराजांनी खेड्यापाड्यांतून फिरून हे सारे स्वतः पाहिले. त्यामुळेच त्यांनी योजलेले उपाय केवळ अन्नदानाचे नव्हते. संस्थानाने स्वस्त धान्याची दुकाने उघडली आणि व्यापाऱ्यांनी कमी भावात धान्य विकावे म्हणून त्यांची तूट खजिन्यातून भरून दिली. गुरांच्या चाऱ्यासाठी सरकारी जंगले मोकळी करण्यात आली. रस्ते, तलाव, विहिरी यांची कामे काढून हजारो हातांना मजुरी दिली. कामावर येणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी तेथेच शिशुगृहे उघडली. ही गोष्ट लहान वाटते. पण पाठीला मूल बांधून खडी फोडणाऱ्या आईला तिचे मोल विचारावे.

याच सुमारास प्लेगची साथ आली आणि १८९९ मध्ये पुन्हा अवर्षण पडले. शेतकऱ्यांना तगाई देण्यात आली. तगाई म्हणजे बी-बियाणे, बैल किंवा विहीर यांसाठी सरकारने शेतकऱ्याला दिलेले कर्ज. वेळेवर मिळालेल्या तगाईने अनेकदा जमीन वाचते, कारण सावकाराच्या दारी जाण्याची वेळच येत नाही.

पिकवलेल्या मालाला भाव मिळाला नाही, तर पिकवून उपयोग काय? कोल्हापूरचा गूळ उत्तम. परंतु तो विकण्यासाठी जवळपास मोठी पेठ नव्हती. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली होती. १८९५ साली महाराजांनी रेल्वे स्थानकाजवळ शाहूपुरी ही नवी व्यापारी पेठ वसवली. पाहता पाहता ती गुळाची नामांकित बाजारपेठ झाली. १९१२ साली शेतीच्या सुधारलेल्या अवजारांची ओळख करून देणारी संस्थाही कोल्हापुरात सुरू झाली. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पतपेढ्या काढाव्यात म्हणून सहकारी संस्थांचा कायदा करण्यात आला.

महाराजांचे नाव निघाले की १९०२ च्या त्यांच्या आदेशाची आठवण प्रथम होते. त्या आदेशाने संस्थानाच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. या कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे त्यांची शेतीविषयक दृष्टी काहीशी झाकली गेली. वास्तविक ही दोन्ही कार्ये एकच होती. १९१८ साली त्यांनी महार वतन रद्द करून त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे केल्या, वेठबिगारही बंद केली. वर्षानुवर्षे गावाची फुकट चाकरी करणारा माणूस त्यामुळे स्वतःच्या शेताचा धनी होऊ शकला.

दुष्काळात मदत करावी, हे महाराजांना पटत होते. तथापि दर दुष्काळात मदतच करत राहावे, हे पटत नव्हते. १९०२ च्या सुमारास त्यांनी संस्थानातील विहिरी व तलावांची पाहणी करविली, जुने तलाव दुरुस्त केले, काही नवे बांधले. तेवढ्याने भागणार नव्हते. म्हणून भोगावती नदीवर मोठे धरण बांधण्याचा बेत ठरला. फेजिवडे गावाजवळची जागा निवडण्यात आली. जवळ वसवलेल्या गावाला महाराजांनी आपली कन्या राधाबाई हिच्यावरून राधानगरी हे नाव दिले आणि तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचे.

१९०९ साली बांधकाम सुरू झाले. एका लहान संस्थानाने एवढे काम अंगावर घ्यावे, हे धाडसच होते. उतावळेपणा म्हणणारेही कोणी असतील. दाट जंगल आणि वर्षातले कित्येक महिने काम थांबवणारा पाऊस यांच्याशी झगडत भिंत उंच होत गेली. पुढे पहिले महायुद्ध आले आणि महागाई वाढली. १९१८ पर्यंत सुमारे १४ लक्ष रुपये खर्च झाले होते व भिंत सुमारे ४० फुटांवर पोहोचली होती. तेथे पैसा संपला आणि काम थांबले.

ते पुन्हा सुरू झालेले पाहणे महाराजांच्या नशिबी नव्हते. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अर्धवट भिंतीमागे दर पावसाळ्यात थोडे पाणी साचे आणि बाकीचे भोगावतीतून वाहून जाई. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. स्वतंत्र भारतात धरण पुरे झाले, तेव्हा १९५७ साल उजाडले होते. त्यानंतर उन्हाळ्यातही राधानगरीचे पाणी नदीत सोडले जाऊ लागले. ठिकठिकाणच्या बंधाऱ्यांत ते अडू लागले आणि खालच्या गावांतील लहान शेतकऱ्यांच्या उसाला वैशाखातही पाणी मिळू लागले.